नकाशाच्या कोपऱ्यातली वेळ आधी वाचा, मग विळा हातात घ्या

सुगी तोंडावर आली आहे, आभाळाचा भरवसा नाही आणि मोबाईलवर हवामानाचे नकाशे एकामागोमाग येऊन पडताहेत. नकाशा जरूर बघा. पण दर हंगामात मी एकच चूक बघतो. लोक टिपके मोजतात, गोल न्याहाळतात, मात्र कोपऱ्यात छापलेली तारीख-वेळ कोणी वाचत नाही.

जागोजागी गोल आणि त्याभोवती बारीक खुणा असलेला नकाशा बहुतेक वेळा निरीक्षणाचा असतो. त्या घटकेला त्या हवामान केंद्रावर काय होतं, एवढंच तो सांगतो. एकाने गोल मोकळा दिसला म्हणून सकाळी कापणी लावली. नकाशा होता आदल्या दिवशीचा, ०० यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीचा. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे आदल्या पहाटे साडेपाचचा! पहाटेच्या मोकळ्या आभाळात संध्याकाळचा गडगडाट कुठून दिसणार? तिसऱ्या दिवशी पेंढ्या उलटल्या, तर जमिनीला टेकलेल्या कणसांना कोंब.

वेळेसमोर यूटीसी किंवा इंग्रजी झेड असेल तर साडेपाच तास मिळवा. वेळच कापलेला नकाशा आला तर सरळ पुसून टाका. पुढचे दिवस बघायचे असतील तर पूर्वानुमानाचा नकाशा वेगळा असतो. त्यावरही तो कधीपासून कधीपर्यंत लागू आहे ते आधी शोधा.

आता खुणा. गोल जितका काळा तितके ढग. पूर्ण काळा म्हणजे आभाळ गच्च. गोलाच्या डावीकडे त्या वेळचं हवामान असतं. स्वल्पविराम म्हणजे भुरभुर, टिपका म्हणजे पाऊस, टिपक्याखाली उलटा त्रिकोण म्हणजे सर. तीन आडव्या रेघा म्हणजे धुकं. इंग्रजी आर अक्षरासारखी, खाली बाण असलेली खूण गडगडाटाची. तिच्या डोक्यावर त्रिकोण असेल तर गारा. खुणेच्या उजवीकडे चौकटी कंस दिसला तर ते गेल्या तासाभरात होऊन गेलं, निरीक्षणाच्या वेळी थांबलेलं होतं. हा कंस नजरेतून हमखास सुटतो. गोलाच्या उजवीकडे वर असलेला तीन आकडी अंक म्हणजे हवेचा दाब: ०५४ म्हणजे १००५.४ हेक्टापास्कल, ९८७ म्हणजे ९९८.७.

वाऱ्याची दांडी गोलातून ज्या दिशेला निघते, वारा तिकडून येतो; लोक नेमकं उलटं वाचतात. दांडीवरची अर्धी काडी ५ नॉट, म्हणजे ताशी साधारण ९ किलोमीटर. पूर्ण काडी १० नॉट, साधारण साडेअठरा. फवारणीला ताशी ३ ते १५ किलोमीटरचा वारा चालतो, म्हणून पूर्ण काडी दिसली की पंप खाली ठेवा. गोलाभोवती दुसरा गोल म्हणजे वारा पडलेला. तेव्हाही थांबा, बारीक थेंब हवेत तरंगून भलतीकडे जातात. अर्थात तीही निरीक्षणाच्या वेळचीच गोष्ट, म्हणून फवारणीआधी बांधावर उभं राहून वारा स्वतः बघा.

नकाशावर गारांचा त्रिकोण दिसला की दुकानदार ‘गारपीट सोसणारं’ टॉनिक पुढे करतो. गार फांदी सोलते, पान फाडते. बाटलीने ते थांबत नाही. तेच पैसे ताडपत्रीत घाला. गारांनंतर जखमांवर बुरशी चढू नये म्हणून, पिकाच्या शिफारशीत असेल तरच, १ टक्का बोर्डो मिश्रण: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. त्याच दिवशी वापरा. चकचकीत खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना कमी पडलाय.

काढणीची कामं:
- कापलेलं त्याच दिवशी गोळा करणे
- सुडी उंचवट्यावर रचणे
- ताडपत्रीच्या कडा दगडांनी दाबणे
- भोवती चर काढणे
- मळणीयंत्र आधी ठरवणे

एक माझा अंदाज, पुस्तकात शोधू नका. दुपारभर उकाडा, ढग कोबीच्या गड्ड्यासारखे वर चढताहेत आणि अचानक गार वाऱ्याचा झोत अंगावर आला, तर हातात पंधरा-वीस मिनिटं आहेत असं धरा. पण गडगडाट ऐकू आला तर ताडपत्रीचाही विचार सोडा. पक्क्या घरात जा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.