घरच्या घरी मऊ काळं लिकरिस

लिकरिस म्हणजे आपला ज्येष्ठमध, पण ही गोळी आपल्याकडची नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या पाँटेफ्रॅक्ट गावी ज्येष्ठमधाची शेती होती. तिथे औषधी वड्यांमध्ये साखर घालून त्यांचा खाऊ केला तो 1760 साली जॉर्ज डनहिलने, असं सांगतात. तिचा मऊ, दाताखाली चिवटपणे दबणारा पोत येतो गव्हाच्या पिठामुळे. पीठ वगळलंत तर हाती येतं ते काळं टॉफी.

आधी काढा. ज्येष्ठमधाच्या 40 ग्रॅम काड्या ठेचून, एक चक्रफूल टाकून 400 मिली पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर उकळून गाळल्यावर 60 मिली उरेल इतकं आटवा. भांडं उंच घ्या, कारण ज्येष्ठमधातलं ग्लिसिऱ्हायझिन साबणासारखं फेसाळतं. तो फेस काढून टाकू नका, गोडवा त्यातच आहे. गाळायला सुती फडकं घ्या आणि चोथा घट्ट पिळा. काढ्याऐवजी थेट पूड घातली तर तंतू दातांत अडकतात. चक्रफूल मात्र वगळू नका. लोकांना जो ‘लिकरिसचा स्वाद’ वाटतो, तो बराचसा बडीशेपेच्या जातीचा असतो.

बाकी साहित्य: साखर 200 ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क 200 ग्रॅम (अर्धा डबा), बिनमिठाचं लोणी 100 ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज 100 ग्रॅम, मोलॅसिस 80 ग्रॅम, मीठ पाव चमचा, बारीक चाळलेली कणीक 90 ग्रॅम, काळा जेल रंग पाव चमचा. मोलॅसिसऐवजी काकवी चालते, पण ती फिकी आणि जास्त गोड असते, तो किंचित कडवटपणा येत नाही. रंगासाठी कोळशाची पूड वापरू नका, ती पोटात औषधं शोषून घेते.

कणीक मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडी भाजा. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास जायला हवा. 8 इंची चौकोनी ट्रेला बटर पेपर लावून ठेवा.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळवा, कणीक आणि रंग सोडून सगळं घाला. साखर विरघळल्यावर कडेला चिकटलेले कण ओल्या ब्रशने खाली ओढा, नाहीतर त्या एका कणावरून सगळा पाक रवाळ होतो. आता मध्यम-मंद आच, आणि उलथन्याने बूड सतत खरवडत राहा. कंडेन्स्ड मिल्क पाहता पाहता करपतं.

115 अंश सेल्सिअसला गॅस बंद करा. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा. पुण्यात पाणी साधारण 98 अंशांना उकळतं, म्हणजे तिथे 113 ला थांबायचं. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाका: गोळी वळायला हवी, पण बोटांत धरल्यावर चपटी व्हायला हवी. टणक गोळीबंद पाक झाला तर लिकरिस कडक होणार. अशा वेळी 60 मिली गरम पाणी घालून मंद आचेवर सैल करा आणि पुन्हा 115 पर्यंत न्या. वर तूप सुटलं असेल, तर आच फार मोठी होती. एक-दोन चमचे गरम पाणी घालून जोरात घोटा, मिळून येतं.

गॅस बंद करताच कणीक चाळणीतून थोडी थोडी भुरभुरवत व्हिस्कने फेटा, मग रंग. एकदम ओतलीत तर गाठी होतात आणि त्या नंतर फुटत नाहीत. ट्रेमध्ये ओता, चार तास गार होऊ द्या. सुरीला तेल लावून एक सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापा. हव्या तर हातावर वळून दोऱ्यासारख्या पिळा.

लगेच बटर पेपरमध्ये गुंडाळा. पावसाळ्यात उघडी पट्टी तासाभरात घामेजते. हवाबंद डब्यात दोन आठवडे छान राहते.

दिवसाला एक-दोन छोटे तुकडे पुरेत. ग्लिसिऱ्हायझिनने शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी हे खाऊच नये.