नवजात बाळाची धाप: फाइलीत काय लिहावे, कोड कोणता लावावा

एसएनसीयूच्या (आजारी नवजात बाळांच्या खास विभागाच्या) फाइलींत सर्वांत जास्त घोळ घालणारी दोन अक्षरे म्हणजे 'आरडी'. लिहिणाऱ्या डॉक्टरांना रेस्पिरेटरी डिस्ट्रेस म्हणायचे असते, म्हणजे बाळाला धाप लागली आहे, एवढेच. रेकॉर्ड रूममध्ये पोचेपर्यंत त्याचे 'आरडीएस' (रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम) होते आणि आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक यादीतला पी२२.० हा कोड लागतो. हा कोड सर्फॅक्टंटच्या (फुप्फुसे उघडी ठेवणाऱ्या द्रवाच्या) कमतरतेचा, म्हणजे हायलाइन मेम्ब्रेन आजाराचा आहे. ३९ आठवड्यांचे, सिझेरियनने झालेले, दोन दिवसांत ऑक्सिजनवरून उतरलेले बाळ या कोडखाली गेले, की आरोग्य योजनेचा क्लेम तपासणारा विचारणारच: सर्फॅक्टंट दिल्याची नोंद कुठे आहे? आणि आरोग्यमित्र (रुग्णालयातला योजनेचा माणूस) फाइल घेऊन परत वॉर्डात येतो.

कोड ठरतो चार गोष्टींवर. बाळ किती आठवड्यांचे, धाप जन्मानंतर किती तासांनी सुरू झाली, एक्स-रेत काय दिसले, आणि किती तासांत, कशाच्या आधाराने ती उतरली. यांतली एक जरी कोरी राहिली तरी पुढचा माणूस अंदाजाने कोड लावतो.

आठवड्यांपासूनच अडचण असते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचे माता व बाल संरक्षण कार्ड गावी राहिलेले असते आणि पाळीची तारीख विचारली तर 'पोळ्याच्या आधी' किंवा 'महालक्ष्म्या बसल्या तेव्हा' असे उत्तर येते. ते उडवून लावू नका. त्या वर्षीचे कॅलेंडर काढून तारीख लावा, सोनोग्राफी असल्यास पहिल्या तिमाहीची धरा, न्यू बॅलार्ड स्कोअर, म्हणजे बाळाचे अंग तपासून आठवड्यांचा अंदाज, करा (त्यात दोन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतात) आणि आठवडे कशावरून ठरवले तेही लिहा.

श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा, बाळ शांत असताना. १५ सेकंद मोजून चारने गुणले की आकडा हमखास चुकतो, कारण नवजात बाळ, त्यातही मुदतीआधी जन्मलेले, मध्येच काही सेकंद थांबून श्वास घेते. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद. वय दिवसांत नको, तासांत लिहा. रात्री ११ ला जन्मलेले बाळ पहाटे ५ ला 'दुसऱ्या दिवसाचे' होत नाही, ते ६ तासांचे असते.

चांगली नोंद अशी दिसते: '३१ आठवडे, १३४० ग्रॅम, मुलगी. जन्मल्यापासून कण्हणे, छाती आत ओढली जाते. वय १ तास: श्वास ७२, डाउन्स स्कोअर ५, सीपॅप ६ सेंमी, एफआयओटू ४० टक्के, उजव्या हाताला सॅच्युरेशन ९१. एक्स-रे, वय २ तास: दोन्ही फुप्फुसे कमी फुगलेली, बारीक दाणेदार छाया, एअर ब्रॉन्कोग्राम. वय ३ तास: सर्फॅक्टंट १३४ मिलिग्रॅम.' (डाउन्स स्कोअर म्हणजे धाप किती तीव्र त्याचे गुण, सीपॅप म्हणजे सतत दाबाने दिलेली हवा, एफआयओटू म्हणजे त्या हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण, एअर ब्रॉन्कोग्राम म्हणजे पांढुरक्या फुप्फुसात उठून दिसणाऱ्या काळ्या श्वासनळ्या.) या नोंदीत औषधाचे नाव आणि मिलिलिटरही हवेत. २५ मिलिग्रॅम प्रति मिलिचे औषध असेल तर हे ५.४ मिली होतात, ८० चे असेल तर १.७ मिलीच्या आसपास. नुसत्या मिलीवरून डोस कळत नाही. या बाळाला मुख्य कोड पी२२.०, जोडीला पी०७.१ (जन्मतः कमी वजन). वजन आणि आठवडे दोन्ही माहीत असतील तर पी०७ मध्ये वजनाला प्राधान्य.

मुदतीचे किंवा मुदतीच्या जवळचे बाळ, पहिल्या काही तासांत धाप, एक्स-रेत फिशरमध्ये (फुप्फुसाच्या कप्प्यांमधल्या फटीत) पाणी, ७२ तासांच्या आत बरे: हे टीटीएन (नवजाताची तात्पुरती धाप), पी२२.१. मेकोनियम अॅस्पिरेशनला (बाळाची पहिली शी फुप्फुसात जाण्याला) पी२४.०, पण केवळ लिकर (गर्भजल) हिरवे होते म्हणून तो लावायचा नाही. बाळाला धाप हवी आणि एक्स-रेत तसे बदल. पी२३ जन्मजात न्यूमोनियाचा. घरी गेलेले बाळ १८ व्या दिवशी खोकला घेऊन आले तर जे वर्गात (श्वसनाचे आजार) शोधा. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर हवा साठणे) पी२५.१, पीपीएचएन (फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब जन्मानंतरही चढाच राहणे) पी२९.३, अॅप्निया (श्वास थांबणे) पी२८.४. अॅप्नियाच्या नोंदीत किती सेकंद, हृदयाचे ठोके कितीवर आले आणि बाळ आपोआप सावरले की अंबू (हाताने श्वास देण्याची पिशवी) लावावी लागली, हे हवे. पी२८.५ म्हणजे श्वसन निकामी होणे. ब्लड गॅसचे (रक्तातल्या ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइडच्या तपासणीचे) आकडे फाइलीत नसतील तर त्या कोडला आधार राहत नाही. पी२२.९, म्हणजे कारण न ठरलेली धाप, भरतीच्या वेळी चालते. डिस्चार्ज कार्डावर तोच राहिला तर निदान कुणी पूर्ण केलेच नाही असा अर्थ निघतो.

गूगलवर पी२४.०१ असे लांब कोड दिसतात. ते अमेरिकी आवृत्तीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये ते नाहीत.

पी२१, म्हणजे बर्थ अॅस्फिक्सिया (जन्मताना बाळ गुदमरणे), याबद्दल विशेष जपून. अॅपगार (जन्मल्याबरोबर बाळाच्या स्थितीला दिलेले दहापैकी गुण) कमी आहे एवढ्यावर बर्थ अॅस्फिक्सिया लावू नये, आयसीडीतच तशी टीप आहे. पहिल्या मिनिटाला ०-३ आणि श्वास नाही किंवा नुसते आचके, ठोके १०० च्या खाली, अंग ढिले, तर पी२१.०, ४-७ असेल आणि मिनिटात नीट श्वास सुरू झाला नसेल तर पी२१.१. बाहेरून आलेल्या बाळाच्या चिठ्ठीवर 'रडले नाही' एवढेच असते. त्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरला फोन करा: किती वेळाने रडले, बॅग-मास्क दिला का, किती मिनिटे? उत्तर, वेळ आणि सांगणाऱ्याचे पद फाइलीत उतरवा. किनवटहून नांदेडला किंवा पाटोद्याहून बीडला १०८ मधून आलेल्या बाळाचे तापमान पोचल्या पोचल्या घ्या. थंडीने गारठलेले बाळही धापा टाकते. तसे असल्यास पी८० जोडा.

बाळ दगावले तर फॉर्म ४ (मृत्यूच्या कारणाचा दाखला) मध्ये 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहू नका, ते कारण नव्हे. (अ) फुप्फुसातील रक्तस्राव, (ब) आरडीएस, (क) मुदतपूर्व जन्म, अशी उलगडत जाणारी साखळी हवी, आणि प्रत्येक ओळीसमोर तो त्रास किती तास होता तेही. जुळे असेल तर 'बेबी ऑफ' पुढे आईच्या नावानंतर एक की दोन ते फॉर्मवर, फाइलीवर आणि पायाच्या टॅगवर एकसारखे आहे ना, ते सही करण्याआधी पाहा.