गराजमध्ये लाकडी विमान: पीटनपोल एअर कॅम्पर कसं बांधायचं आणि कसं उडवायचं

घरी विमान बांधता येतं का असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, लहानपणी कामट्यांचा आकाशकंदील केलाय का? केला असेल तर निम्मं तत्त्व तुम्हाला माहितीये. हलका सांगाडा, वरून ताणून बसवलेलं कापड, आणि एक कामटी वाकडी बसली की सगळा कंदील तिरका. फक्त कंदील फाटला तर खळ लावून भागतं, इथे तसं नाही.

मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो आणि ज्या विमानाबद्दल लिहितोय ते इथलंच, राज्याच्या दक्षिण टोकाला चेरी ग्रोव्ह नावाचं खेडं आहे, तिथल्या बर्नार्ड पीटनपोल नावाच्या स्वतःच शिकलेल्या मेकॅनिकने १९२९ मध्ये फोर्ड मॉडेल ए मोटारीचं ४० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवून हे उडवलं. मोटारीच्या इंजिनावर धड विमान उडत नाही असं एका मासिकाच्या संपादकाचं मत होतं, तर पीटनपोल आणि त्याचे सोबती विमानं घेऊनच त्याला दाखवायला गेले, आणि मग १९३२ साली त्याच मासिकवाल्यांनी याचे नकाशे छापले. पंख डोक्यावर छत्रीसारखा, दोन उघडे कॉकपिट, पायलट मागच्यात बसतो. नकाशे आजही पीटनपोल कुटुंबाकडून विकत मिळतात, आणि ते ओरिजिनलच घ्या, नेटवर फिरणाऱ्या अर्धवट झेरॉक्सवर जीव टांगू नका.

सगळ्यात आधी टेप घेऊन गराज मोजा. पंख जवळपास २९ फूट लांब आणि दोन गाड्यांचं गराज २० ते २४ फूट, म्हणजे एकसंध पंख करायला घेतलात तर भिंत फोडावी लागेल. म्हणून तीन तुकड्यांचा पंख करा, मधला छोटा आणि दोन बाजूचे, बोल्टने जोडायचे. थोडं वजन वाढतं, वाढू दे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. एफएए म्हणजे अमेरिकेचं विमानवाहतूक खातं, त्यांच्या एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट (हौशी माणसाने बांधलेलं) प्रकारात हे बसतं, अट अशी की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी म्हणून स्वतः केलेलं असलं पाहिजे, तेव्हा पहिल्या दिवसापासून डायरी ठेवा आणि फोटो काढा, फोटोत तुमचं तोंडही येऊ द्या. ईएए म्हणून घरी विमान बांधणाऱ्यांची संस्था आहे १९५३ पासूनची, त्यांचे टेक्निकल काउन्सेलर फुकट घरी येऊन काम बघून जातात, ते फार कामाचे. भारतात हा रस्ता बराच अवघड आहे, कांदिवलीत गच्चीवर सहा सीटचं विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवत असतील, २०१६ च्या मेक इन इंडियात विमान सगळ्यांनी बघितलं आणि रजिस्ट्रेशन मिळायला २०१७ उजाडलं. ते धातूचं होतं, पण कागदांचा त्रास लाकडाला काही कमी नसता.

आता लाकूड. सिट्का स्प्रूस घ्यायचं, ते नाही मिळालं तर डग्लस फर, जास्त मजबूत पण जडही. एअरक्राफ्ट ग्रेड म्हणून विकत घेतलं तरी प्रत्येक फळी स्वतः बघायची. रेषा सरळ हव्यात, १५ इंच लांबीत १ इंचापेक्षा जास्त तिरक्या जाणाऱ्या नकोत. टोकाकडून वाढीची वर्तुळं मोजा, इंचाला निदान ६. ओलावा ८ ते १२ टक्के, त्याचं छोटं मीटर मिळतं. गाठ आणि राळेचे कप्पे तर कुणालाही दिसतात, खरा चोर वेगळाच, रेषांना आडवी जाणारी केसासारखी सुरकुती. झाड वादळात वाकलं किंवा पाडताना आपटलं की आतले तंतू चेमटतात त्याची ती खूण, आणि अशी फळी स्पारला, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईला, लावली तर ती एक दिवस तिथेच मोडणार. टॉर्च आडवा धरून बघा म्हणजे दिसते. माझी एक सुंदर लांब फळी यात बाद झाली, तिचं शेल्फ केलं, आता त्यावर लोणच्याच्या बरण्या असतात.

गोंदाबद्दल जरा जास्त बोलणार आहे कारण हे विमान म्हणजे शेवटी काय, तर शेकडो गोंदाचे सांधे. जुने लोक केसीन म्हणजे दुधापासूनचा गोंद वापरायचे, नंतर रिसॉर्सिनॉल हा रासायनिक गोंद आला, तो आजही उत्तम पण त्याला सांधा एकदम फिट लागतो, दाब भरपूर लागतो आणि खोली गरम लागते. घरच्या माणसासाठी टी-८८ इपॉक्सी बरा, दोन्ही भाग मापाने समसमान घ्यायचे, नीट घोटायचे, दोन्ही पृष्ठांवर लावायचे. क्लँप मात्र हलक्या हाताने, आवळून आवळून सगळा गोंद बाहेर काढलात तर सांधा उपाशी राहतो आणि वरून छान दिसतो, हीच तर फसवणूक आहे. मिनेसोटाच्या जानेवारीत गराजमध्ये गोंद सुकता सुकत नाही, मी सांध्यावर जुनी रजई टाकून आत बल्ब लावायचो (रजईपासून लांब, आणि लक्ष ठेवून).

आणि हा नियम पाळाच, प्रत्येक वेळी गोंद कालवला की त्यातूनच दोन उरलेले तुकडे चिकटवायचे, त्यावर तारीख टाकायची आणि पूर्ण सुकल्यावर व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडायचे. लाकूड फाटलं आणि गोंदाची रेघ शाबूत राहिली तर पास. गोंदावरूनच सुटलं तर त्या दिवशीचं सगळं काम कचऱ्यात. मी एकदा शनिवारभर चार रिब (पंखाच्या बरगड्या) केल्या आणि नमुना टचकन गोंदावरून सुटला, घोटण्यात आळस केला होता बहुतेक, त्या चारही रिब शेकोटीत गेल्या. बायको म्हणाली एवढं काय, चिकटल्यात की. चिकटल्या होत्या खऱ्या.

सुरुवात रिबपासूनच करा. स्वस्त असतात, हात बसतो, आणि बिघडली तर टाकता येते. जाड प्लायवर नकाशातला आकार काढायचा, रेषेच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे मारायचे, हा झाला साचा म्हणजे जिग, वर मेणकागद, नाहीतर रिब जिगलाच चिकटते. पट्ट्या पाव इंच बाय अर्धा इंच, पुढचं टोक वळवायला गरम पाण्यात भिजत घालायचं, मग जिगमध्ये बसवून रात्रभर तसंच ठेवायचं. कोपऱ्यांवर अर्ध्या सुताच्या, म्हणजे १/१६ इंच प्लायच्या टिकल्या, त्या गोंदाने आणि बारीक चुकांनी बसवायच्या. चुका म्हणजे खिळे बरं का, दुसऱ्या चुका नंतर येतात. रोज एक रिब काढली तर महिनाभरात संच होतो, ऑफिसमधून आल्यावर तासाभराचं काम.

फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, त्या मानाने सोपं. एक इंच बाय एक इंचाच्या लांब पट्ट्या, त्यांना लाँजरॉन म्हणतात, टेबलावर एक बाजू करायची, मग तिच्यावरच दुसरी बाजू, म्हणजे दोन्ही जुळ्या. मग उभ्या करून आडव्या पट्ट्यांनी जोडायच्या आणि शेपटीकडे मिटवत न्यायच्या. दर टप्प्याला कर्ण मोजा, ओळंबा सोडा. शेपटी एका बाजूला अर्धा इंच सरकली तर विमान आयुष्यभर कलतं उडणार. पट्टी लांबीला कमी पडली तर स्कार्फ जोड, म्हणजे दोन्ही टोकं तिरकी कापून एकावर एक चिकटवायची, उतार निदान १ ला १२.

लोखंडी फिटिंग ४१३० या विमानाच्या स्टीलचे आणि बोल्ट सगळे एएन नंबरचे, म्हणजे विमानासाठीच बनवलेले, हार्डवेअरच्या दुकानातले चालत नाहीत, अगदी एकही नाही. कंट्रोल केबलच्या टोकांना निकोप्रेसची स्लीव्ह, म्हणजे केबल धरून ठेवणारी छोटी नळी, दाबतात, ती दाबल्यावर गेजने तपासायची आणि एक नमुना वजन टांगून ओढून बघायचा.

आता या विमानाची खोड. याचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून १५ ते २० इंचांच्या मध्ये पडला पाहिजे, पंखाची रुंदी ६० इंच आहे. मूळचं फोर्ड इंजिन २४० पौंडांच्या आसपास, आणि आज बरेचजण बसवतात ते कॉन्टिनेंटल ए-६५ हे विमानाचं इंजिन सुमारे १७० पौंडांचं. म्हणजे नाकावरचे ७० पौंड गेले, वर पायलट बसतो मागे, आणि १९२९ च्या शेतकरी पोराच्या मानाने आपण सगळेच जरा भरलेले. त्यामुळे शेपटी जड होते, आणि शेपटी जड विमान स्टॉल झालं, म्हणजे वेग कमी पडून पंखाची उचल तुटली, की नाक खाली यायला तयार होत नाही. पुढच्या सीटवरचा माणूस गुरुत्वमध्याच्या जवळच बसतो, त्याने फार फरक पडत नाही, फरक पडतो तो तुमच्या पोटाने. उपाय तीन: इंजिन माउंट लांब करून इंजिन पुढे न्या, लांब फ्यूजलाजचा नकाशा वापरा, किंवा पंख धरणारे मधले खांब मागे झुकवून पंखच तीन-चार इंच मागे न्या, म्हणजे हिशेबात गुरुत्वमध्य पुढे आला. हे सगळं सांगाडा जोडायच्या आधी कागदावर करायचं. आणि वजन करताना खरं वजन लिहायचं, बूट, जाकीट, हेल्मेटसकट, दिवाळीच्या फराळानंतरचं. शेपटीकडे लावलेला प्रत्येक औंस नंतर भारी पडतो म्हणून मागच्या भागात वार्निश, रंग, फिटिंग सगळ्यात कंजुषी करा.

कापड चढवण्याआधी काउन्सेलरला बोलवा, कारण नंतर आतलं काही दिसत नाही. लाकडाला दोन भागांचं इपॉक्सी वार्निश द्या, साधं वार्निश कापडाच्या केमिकलने सुटतं. कापड डेक्रॉनचं (एक प्रकारचं पॉलिएस्टर), कडेने चिकटवायचं आणि इस्त्रीने ताणायचं, आधी २५० फॅरनहाइट मग ३५०, त्यावर अजिबात नाही, आणि इस्त्रीच्या चकतीवर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर लावून बघा, माझ्या इस्त्रीत भरपूर फरक निघाला. मग रिबला दोऱ्याने शिवायचं. लांब सुई, एक माणूस पंखाच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला, सुई आरपार द्यायची आणि परत घ्यायची. सासूबाई तेव्हा आल्या होत्या, त्यांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्यात, पहिल्या तासात माझे टाके बघून म्हणाल्या, जावईबापू तुम्ही नुसती सुई द्या, गाठ मी मारते. गाठ वेगळ्या प्रकारची असते ती त्यांना मॅन्युअलमधल्या चित्रावरून दाखवली, दोनदा बघून आली. वर चंदेरी थर विसरू नका, तो उन्हापासून कापड वाचवतो, आणि रंग फिकट ठेवा, काळा किंवा गडद रंग उन्हात तापतो आणि इपॉक्सी उष्णतेत मऊ पडतो. या केमिकलची वाफ भडकते, गराजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल तर आधी बंद, दार उघडं, तोंडाला चांगला मास्क.

एअरपोर्टवर नेऊन जोडलं की तीन काट्यांवर वजन करा, हिशेब पुन्हा मांडा. मग पेट्रोलची चाचणी: नाक चढाईपेक्षा थोडं जास्तच वर करून, कार्ब्युरेटरपाशी पाइप सोडवून बादलीत किती पेट्रोल येतं ते घड्याळ लावून मोजा, टाकी वर असून नुसत्या उताराने येत असेल तर फुल थ्रॉटलला लागतं त्याच्या दीडपट आलं पाहिजे. नाही आलं तर चढतानाच इंजिन बसणार. आणि स्टिक उजवीकडे केली की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) वर जातो ना, हे दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करून मोठ्याने बोलून बघा. केबल उलट्या जोडलेल्या विमानांनी अनुभवी माणसं मारलीत.

उडवायचं तर लायसन्स लागणारच, या विमानाला स्पोर्ट पायलटचं पुरतं, वर टेलव्हीलचं, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचं, एंडोर्समेंट (इन्स्ट्रक्टरची सही). पण पहिल्या उड्डाणाआधीच्या दोन आठवड्यांत पायपर कब किंवा एरॉन्का चॅम्प अशा जुन्या टेलव्हील विमानात इन्स्ट्रक्टरबरोबर लँडिंग घासून घ्या, बांधण्याच्या नादात बऱ्याच लोकांचं उडणंच सुटलेलं असतं. टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून चालवणं, हळू करा, ब्रेक, शेपटीचं चाक, इंजिनचं तापमान बघा. धावपट्टीवर अर्धवट उड्या मारून बघणाऱ्यांचं मला पटत नाही, ना नीट उडता ना नीट थांबता.

पहिल्या दिवशी पहाट, वारा नाही, विमानात एकटे तुम्ही, बघायला एक-दोघं, आणि पाहुण्यांना तारीख सांगायचीच नाही, लोक जमले की नाही म्हणणं जड जातं. पेट्रोल बेताचं. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना इंजिन गेलं तर कुठलं शेत ते आदल्या दिवशी चालत जाऊन बघा. याला हवेचा अडथळा भरपूर आणि वजन कमी, त्यामुळे पॉवर गेली की वेग क्षणात गळतो, सेस्नासारखा विचार करायला वेळ नसतो, नाक लगेच खाली, मग बाकीचं. चढा, एअरपोर्टवरच घिरट्या घाला, उंचीवर सावकाश करत स्टॉल कुठल्या आकड्याला येतो ते तुमच्या स्पीड मीटरवर वाचा आणि त्याच्या १.३ पटीने उतरायला या, चाकं टेकेपर्यंत थोडी पॉवर ठेवून. पुढे सर्टिफाइड इंजिन-प्रोपेलर जोडी असेल तर साधारण २५ तास, नाहीतर ४० तास ठरलेल्या भागातच चाचणीचं उडायचं, त्यात हौसेने कुणाला बसवायचं नाही, पोरगी कितीही रुसली तरी.

आणि उतरल्यावर फोन काढण्याआधी पाना काढा. प्रोपेलर लाकडी असेल तर पहिल्या तासाभराच्या उड्डाणानंतर त्याचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचे, आणि नंतर दर ऋतूबदलाला, कारण उन्हाळ्यात लाकूड फुगतं आणि आमच्याकडच्या कोरड्या थंडीत ते आकसतं नि बोल्ट सैल पडतात. माझे पहिल्याच तासानंतर सहाही थोडे थोडे फिरले होते.