एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी बोलका स्पीकर कसा बसवावा

रामबागेतल्या जुन्या घरात माझी आत्या एकटी राहते. वय 81. मुलगा बंगळूरला, मुलगी कॅनडात. मी इंदूरातच, पण सुदामानगरला, त्यामुळे आठवड्यातून दोनदा जाणं होतं. मधल्या दिवसांत तिचं बोलणं दूधवाल्याशी आणि कामाच्या बाईंशी. संध्याकाळी सहानंतर कुणाशीच नाही. मोबाइल आहे, पण चष्मा सापडला तर मोबाइल सापडत नाही, आणि दोन्ही सापडले तरी थरथरत्या बोटानं भलताच नंबर लागतो. म्हणून दीड वर्षापूर्वी आम्ही तिच्याकडे आवाजावर चालणारा स्पीकर बसवला. पहिल्या दोन महिन्यांत पुष्कळ चुकलो. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी विचारा, मग आणा

वाढदिवसाची अचानक भेट म्हणून हा स्पीकर देऊ नका. घरात सतत कान देऊन बसणारी वस्तू येणार आहे, तेव्हा ज्यांचं घर आहे त्यांचा होकार हवा. काय काय होईल ते सरळ सांगा: नाव घेतलं की हे जागं होतं, पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीकडे जातं आणि तिथून उत्तर येतं. अमेझॉनच्या इको स्पीकरवर माइक बंद करायचं बटण असतं. ते दाबलं की लाल दिवा लागतो आणि स्पीकर ऐकणं थांबवतो. हे बटण पहिल्याच दिवशी त्यांच्याच हातानं दाबून घ्या. आत्या अजूनही देवपूजेच्या वेळी ते दाबते. तिची इच्छा, आम्ही काही बोलत नाही.

काय लागेल

घरात वाय-फाय, एक प्लग, आणि सुरुवातीच्या जुळणीसाठी कुणाचा तरी स्मार्टफोन. इकोमधून जी बोलते ती अलेक्सा; तिच्यासाठी त्या फोनवर अलेक्सा ॲप घ्यावं लागतं. खातं मात्र ज्येष्ठांच्या नावानं वेगळं उघडा. आम्ही माझंच खातं जोडलं होतं, त्यामुळे माझ्या मागवलेल्या पार्सलांच्या सूचना आत्याच्या खोलीत ऐकू यायच्या आणि ती घाबरून मला फोन करायची.

साध्या स्पीकरमध्ये बॅटरी नसते. वीज गेली की तो मुका, आणि इंटरनेट गेलं तरी जवळजवळ मुकाच. घरात इन्व्हर्टर असेल तर स्पीकर आणि राउटर दोन्ही त्यावर घ्या. नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, पण त्यानं फक्त इंटरनेट टिकेल, स्पीकर नाही. ऐकायला कमी येत असेल तर पडदा (स्क्रीन) असलेलं मॉडेल बघा, कारण उत्तर वाचताही येतं आणि व्हिडिओ कॉलवर समोरच्याचे ओठही दिसतात.

जागा

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. टीव्हीशेजारी ठेवला, तर मालिकेतल्या माणसांना उत्तरं देऊ लागला. मग स्वयंपाकघरात नेला, तिथे कुकरच्या शिट्टीपुढे आत्याचा आवाज पोचेना. शेवटी तिच्या पलंगाजवळच्या कोनाड्यात ठेवला, भिंतीपासून जरा पुढे. संध्याकाळी ती तिथेच बसते, आणि तिथून न्हाणीघराच्या दारापर्यंत हाक पोचते. ज्येष्ठ जिथे पडण्याची भीती जास्त, तिथून हाक पोचते का, हे स्वतः जमिनीवर बसून हळू आवाजात बोलून तपासा. वायर चालण्याच्या वाटेत येऊ देऊ नका.

भाषा

अलेक्सा 2019 पासून हिंदी समजते, पण स्पीकरला मराठीत आज्ञा देण्याची सोय नाही. मराठीत बोलायचंच असेल तर अँड्रॉइड फोनवरचा गूगल असिस्टंट मराठी समजतो. मात्र त्यासाठी फोन जवळ हवा, आणि आमची अडचण नेमकी तीच होती.

इंदूरच्या मराठी माणसाला यात फारसं बिघडत नाही. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी जन्मभर हिंदीच बोलत आलो आहोत. आत्यानं दोन दिवसांत ठरवून टाकलं की हा कोनाड्यातला पाहुणा हिंदी भाषिक आहे. मला तर हे बरंच वाटलं. यंत्राशी हिंदी आणि माणसांशी मराठी, अशी घरात आपोआप वाटणी झाली. 'अलेक्सा' म्हणताना अडखळायला होत असेल तर हाकेचं नाव ॲपमधून बदलता येतं. 'इको' हे छोटं नाव पुष्कळांना सोपं जातं.

तीनच गोष्टींपासून सुरुवात

मी पहिल्या दिवशी चौदा स्मरणं (ठरल्या वेळी स्पीकर बोलून आठवण करून देतो ती, रिमाइंडर) लावली होती. तिसऱ्या दिवशी आत्यानं प्लग काढून ठेवला. दिवसभर कुणीतरी आज्ञा सोडतंय असं तिला वाटत होतं. मग वही घेऊन तिच्याबरोबर एक पूर्ण दिवस काढला आणि तिलाच विचारलं की काय विसरायला होतं. औषधांचं मी धरूनच चालले होते. तिनं सांगितलं ते वेगळंच: नळ आणि कचरागाडी. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं आणि टाकी भरायची राहिली की दोन दिवसांचे हाल. गाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी वाजतं, ते तिला ऐकू येत नाही, आणि ओला-सुका कचरा घरातच राहतो. ज्या शहरानं 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर राखला तिथे आपलाच डबा भरलेला राहिला, याची तिला खरोखर लाज वाटायची.

म्हणून कचरागाडीच्या दहा मिनिटं आधी एक स्मरण. दिवसाआडचा हिशेब वारांत बसत नाही, म्हणून नळासाठी रोजच एक प्रश्न लावला: 'आज नल आने का दिन है क्या?' आणि तिसरं रात्रीच्या गोळीचं. स्मरणाचं वाक्य तुम्ही लिहाल तेच स्पीकर वाचतो, म्हणून ते साध्या हिंदीत आणि आदरानं लिहा. एक लक्षात असू द्या: स्मरण वाजलं म्हणजे गोळी घेतली असं नव्हे. वारांचे कप्पे असलेला डबा हवाच, आणि तो कुणीतरी येऊन बघायला हवा.

ही तीन अंगवळणी पडल्यावरच गाणी आणि रेडिओकडे वळा. आकाशवाणीच्या वाहिन्या अलेक्सावर ऐकता येतात. मालवा हाउसचं, म्हणजे इंदूर आकाशवाणीचं केंद्र ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला रेडिओ परत मिळणं फार मोलाचं वाटतं. आत्या म्हणते, "कुमार गंधर्व के भजन सुनाओ," आणि देवासला ऐकलेल्या बैठकींच्या आठवणी काढते.

फोन लावणं

माझ्या मते स्पीकरचा खरा उपयोग इथे आहे. ज्यांना फोन लावायचा त्यांच्याही फोनवर अलेक्सा ॲप हवं आणि त्यात कॉलिंग सुरू केलेलं हवं. नावं मात्र हाक मारतो तशी भरा. पूर्ण नाव आणि आडनाव भरलं तर ऐनवेळी आठवत नाही. आत्याचा मुलगा ॲपमध्ये 'बाळू' आहे. 'बालू को कॉल करो' म्हटलं की लागतो. प्रत्येक नाव समोर बसून तीन-तीनदा लावून बघा.

'ड्रॉप इन' नावाची एक सोय आहे. तिच्यात समोरच्यानं फोन न उचलताही आवाज थेट खोलीत उघडतो. काळजीच्या वेळी ती कामाची आहे, एरवी मात्र ती घरात न विचारता शिरण्यासारखीच. आमचा करार असा: सकाळी दहापर्यंत आत्याचा फोन आला नाही आणि मोबाइलही उचलला नाही, तरच ड्रॉप इन करायचं, तेही आधी हाक मारून. तिथूनही उत्तर नाही आलं तर शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे.

आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: अलेक्सा 112 सारख्या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावत नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 112, रुग्णवाहिकेचा 108 आणि ज्येष्ठांच्या मदतीचा 14567 लिहून लावा. स्पीकर आला म्हणून मोबाइल गळ्यात अडकवायची सवय सोडू देऊ नका.

पंधरा दिवस शेजारी बसा

जुळणी अर्ध्या तासात होते, शिकवणं नाही. रोज चहाच्या वेळी एकच वाक्य घ्या. नाव घ्यायचं, निळा दिवा लागू द्यायचा, मग बोलायचं, एवढा थांबा साधला की निम्मं जमलं. कवळी काढलेली असेल तर उच्चार कळत नाहीत, हेही आधी सांगा, नाहीतर 'मलाच जमत नाही' म्हणून माणूस खट्टू होतो. पाच वाक्यं पुठ्ठ्यावर ठळक लिहून कोनाड्यात टांगा. पिवळा दिवा लुकलुकला तर निरोप आला आहे, हेही त्यावर लिहा.

विसरण्याचा आजार असलेल्यांच्या बाबतीत मात्र घाई नको. माणूस दिसत नाही आणि आवाज येतो, याची त्यांना भीती वाटू शकते. डॉक्टरांशी बोला, एखादा दिवस लावून बघा, त्रास दिसला तर काढून टाका.

ॲपमध्ये आवाजानं खरेदी करण्याची सोय बंद करा. ध्वनिमुद्रणं ठरावीक काळानं आपोआप पुसली जातील असं गोपनीयतेच्या भागात ठरवता येतं. बँकेचा ओटीपी किंवा पिन विचारणाऱ्याला, मग तो फोनवरचा असो की दारातला, काही सांगायचं नाही, हे याच निमित्तानं पुन्हा बोलून घ्या.

दर महिन्याला सगळी स्मरणं त्यांच्यासमोर वाचा आणि काय काढायचं ते विचारा. मागच्या खेपेला आत्यानं मी हौसेनं लावलेलं 'सुप्रभात' काढायला लावलं. त्या जागी तिनं मंगळवारी दुपारी साडेतीनचं एक सांगितलं: 'भजन में जाना है, चप्पल बाहर निकालो.' शेजारच्या काकू तिला पावणेचारला न्यायला येतात.