अंडा सेलची ड्युटी घरी नेऊ नये म्हणून

येरवडा किंवा नागपूर तुरुंगाच्या अंडा सेलवर (कडक बंदोबस्तातल्या अंडाकृती कोठड्यांवर) पहारा देणाऱ्याला कैद्यांच्या आरडाओरड्यापेक्षा सतत कान टवकारून राहणं जास्त थकवतं. दाराआडची शांतता नेहमीची की घातक, हे दर फेरीला ठरवावं लागतं. मग शरीर घरीही पहाऱ्यावरच राहतं: कुकरच्या शिट्टीला दचकणं, मुलांना हुकूम सोडणं, जेवताना दाराकडे तोंड करून बसणं.

वर्दी तुरुंगातच बदला. घरात शिरण्याआधी २० मिनिटं चाला, फोन खिशातच. रात्रपाळीनंतर आधी झोप, मग बाकीची कामं. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप तुटक होते. ही सवय सगळ्यात महागात पडते.

कैद्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, तर नोंद लगेच लिहा. नंतर घटनाक्रम विसकटतो. पुढचे काही दिवस त्याच कोठडीसमोर पहारा नको, हे सुभेदारांना स्पष्ट सांगा. सहकाऱ्याला ‘सगळं बोलून टाक’ म्हणून पिळू नका. चहा पाजा, सोबत बसा. कैद्याविषयी काहीच वाटेनासं झालं, तर त्याला कणखरपणा समजू नका (वरिष्ठ समजतात, ते वेगळं). बदलीचा अर्ज तेव्हाच करायचा. महिना उलटूनही तेच दृश्य डोळ्यांपुढे येत असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.