कधीमधीच ओढता? मग सिगारेट सोडायच्या ॲपमध्ये या चुका टाळा

ॲप टाकलं की पहिलाच प्रश्न येतो, दिवसाला किती ओढता? आणि इथंच गडबड होते, कारण आपलं रोजचं काही नसतंय. सोमवार ते गुरुवार काहीच नाही, शुक्रवारी एक, शनिवारी पोरं बसली की चार. मग आपण ठोकून देतो "१", आणि ॲप रोज एक सिगारेट वाचली म्हणून पैसे मोजत बसतं. महिन्याभरात पाचशे चाळीस रुपये वाचले असं दिसतं, आपण खूश, आणि शनिवारच्या चार तशाच चालू. आठवड्याचा आकडा टाकायची सोय असेल तर तीच वापरा, नसेल तर तो पैशाचा मीटर बघूच नका.

त्यापेक्षा नोट्स लिहा. कुठं, किती वाजता, कोणासोबत, कोणी दिली, एवढंच. मी तीन आठवडे लिहिलं, अकरा सिगारेटी निघाल्या, त्यातल्या नऊ आमच्या सोलापुरातल्या 'सात रस्ता' चौकाजवळच्या एकाच टपरीवर, ऑफिस सुटल्यावर, त्याच दोन मित्रांसोबत. आणि पाकीट मी एकदाही विकत घेतलेलं नव्हतं! राज्यात २०२० पासून सुट्टी, म्हणजे पाकिटाशिवाय एकेक सिगारेट विकायला बंदी आहे तरी टपरीवर मिळतेच, आणि कधीमधी ओढणाऱ्याचं सगळं त्या सुट्टीवरच चालतं.

दुसरी चूक रिमाइंडरची. ॲप सकाळी आठला "आजचा दिवस धूरमुक्त" पाठवतं, तेव्हा आपण भाकरी-शेंगाचटणीचा डबा भरत असतो, तलफ कुठाय तेव्हा? माझी वेळ संध्याकाळी सातची, म्हणून मी सहा पन्नासला रिमाइंडर लावला आणि मजकूर स्वतःचा टाकला: "चहा घे, पण हॉटेलात आत बसून घे." तलफ साधारण पाच मिनिटांत उतरते, तेवढा वेळ टपरीपासून लांब काढला की जमतं.

रिमाइंडर येतच नसेल तर बहुतेक वेळा फोनची बॅटरी सेटिंग आडवी येते. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीवरचं बंधन काढा, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली. न ओढता एक्केचाळीस दिवस झाले होते, जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला पुण्याचा मित्र आला, जत्रेच्या होम मैदानातनं बाहेर पडताना एक ओढली, रात्री ॲपमध्ये खरं खरं टाकलं तर आकडा थेट शून्य. इतकं वाईट वाटलं की ॲपच काढून टाकलं आणि पुढच्या आठवड्यात परत तीन झाल्या. असं करू नका. आधी महिन्याला चौदा-पंधरा, आता दीड महिन्यात एक, ही खरी मोजणी आहे, ती शून्य होत नाही.

आपल्याकडं अजून एक पळवाट आहे, मावा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा. ॲप फक्त सिगारेट मोजतं म्हणून पोरं सिगारेट सोडून माव्याची पुडी धरतात आणि स्क्रीनवर सगळं हिरवं. तंबाखू ती तंबाखूच, माव्याची पुडी पण नोट्समध्ये टाका, विडी पण. विड्या तर आपल्याकडं घरोघरी वळल्या जातात, म्हणून ती कोणाला मोजावीशीच वाटत नाही.

आणि "कधीमधीनं काय होतंय" हे डोक्यातनं काढा राव. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की दिवसाला एक ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या साधारण निम्मा असतो. विसावा भाग नाही, निम्मा!

एकट्या ॲपवर भागत नसेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनलाइन आहे, तिथं माणूस बोलतो. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला तर सोडण्यासाठीचे मेसेज येतात, साध्या फोनवर पण चालतात.

टपरीवरच्या त्या दोघांना मात्र स्वतः तोंडानं सांगावं लागतं, ते काम ॲप करत नाही. मी सांगितलं तेव्हा एकजण म्हणला, "आधी सांगायचं की बे," आणि त्या दिवसापासनं पाकीट माझ्याकडं करतच नाही.