एक वही, दोन कारकून: रेफरन्स आणि थ्रेड शिकताना

नाशिकमध्ये कॅम्पस मुलाखतींची तयारी करताना जावाचे कीवर्ड घोकण्याआधी हा प्रश्न सोडवा: दोन थ्रेडनी (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांनी) एकच काउंटर प्रत्येकी १,००,००० वेळा वाढवला, तर उत्तर किती? २,००,००० येईलच असं नाही, बहुधा कमीच येतं.

लासलगावच्या बाजार समितीत दोन कारकून एकाच वहीत कांद्याचे ट्रॅक्टर मोजताहेत, असं समजा. दोघांनी ४१ वाचलं, दोघांनी ४२ लिहिलं. एक ट्रॅक्टर हिशेबातून गेला. 'काउंट++' दिसायला एक ओळ, पण आत वाच, वाढव, लिही अशा तीन पायऱ्या आहेत. जावात दोन्ही थ्रेडकडे त्याच ऑब्जेक्टचा रेफरन्स (त्याच्यापर्यंत नेणारा पत्ता) असतो, म्हणजे वही एकच. इथे 'व्होलाटाइल' हा कीवर्ड पुरत नाही: ताजा आकडा दिसतो, पण तीन पायऱ्यांची एक होत नाही. तिन्ही पायऱ्या एका दमात करणारा 'अॅटॉमिकइंटिजर' वापरा किंवा एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं 'सिंक्रोनाइज्ड' कुलूप. मात्र कुलूप दोघांचं एकच हवं. प्रत्येक थ्रेडने आपापल्या वेगळ्या ऑब्जेक्टवर कुलूप लावलं, तर ते लावून न लावल्यासारखंच.

पायथनमध्ये 'बी = ए' लिहिल्याने लिस्टची प्रत होत नाही, त्याच लिस्टला दुसरं नाव मिळतं. 'कॉपी' फक्त वरची लिस्ट नवी करते. आतल्या लिस्ट सामायिकच राहतात, त्याही नव्या हव्या असतील तर 'डीपकॉपी'. मल्टिप्रोसेसिंगमध्ये (थ्रेडऐवजी वेगळे प्रोसेस चालवताना) नेमकं उलटं: चाइल्ड प्रोसेसकडे स्वतःची प्रत असते, त्यामुळे तिथे लिस्टमध्ये भरलेलं मूळ प्रोग्रॅमला दिसतच नाही. तिथे माहिती परत पाठवायला क्यू (रांग) लागतो.

गो-मध्ये स्लाइस (मागच्या अॅरेचा एक भाग दाखवणारी खिडकी) फंक्शनला दिली तरी मागचा अॅरे तोच. अपेंड करताना क्षमता संपली की नवा अॅरे तयार होतो आणि दोघांची फारकत होते. नवशिके इथेच अडखळतात. टेस्ट चालवताना थ्रेडमधली अशी टक्कर पकडणारा '-रेस' पर्याय लावायची सवय पहिल्या दिवसापासून ठेवा.

रस्ट थोडी खडूस. 'आरसी' (एका थ्रेडपुरता सामायिक रेफरन्स) दुसऱ्या थ्रेडकडे पाठवायला गेलात, तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. थ्रेडमध्ये वाटता येणारा 'आर्क' आणि आत 'म्युटेक्स' (कुलूप) घ्यावा लागतो. पहिली भाषा म्हणून ती घेऊ नये, पण वरचा गोंधळ एकदा अनुभवल्यावर जरूर घ्यावी.

हाच काउंटर चारही भाषांत लिहा आणि दहा-दहा वेळा चालवा. पायथन ३.१० पासून साध्या लूपमध्ये उत्तर बरेचदा बरोबर येतं. त्यावर विसंबू नका. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये 'टाइम.स्लीप(०)' घाला, म्हणजे दुसऱ्या थ्रेडला मध्ये शिरायची संधी मिळते, मग आकडा बघा.